मूर्तीच्या अंगावरचे सोने गेले कोठे?

देगलूर तालुक्यातील होट्टल या गावी मंदिरांच्या जतनाचे काम चालू असता २०२४ च्या अखेरीस मलब्याखालून एका शिवमंदिराचा पाया, एक शिवलिंग आणि तीन शिलालेख उजेडात आले. लेख इ. स. १०७० च्या सुमाराचे, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या अमदानीतले आहेत, आणि मंदिराच्या उभारणीला हातभार लावणाऱ्या दात्यांचा त्यांत निर्देश आहे. पोट्टलनगरी या नावाने एकेकाळी गाजलेल्या या गावाविषयीची ही बातमी दोन-चार दिवस वृत्तपत्रांत झळकली आणि नेहमीप्रमाणे मागे पडली. परंतु मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. या भागात दानाचा लेख सापडतो, दान देणाऱ्याचे नाव सापडते, ज्या देवाला दान दिले त्याचे देऊळही सापडते. सापडत नाही ते फक्त सोने.

होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरील सुरसुंदरी पाहाव्यात. कंठाशी घट्ट बसलेली माळ, तिच्याखाली स्तनांमधून उतरणारा दुसरा हार, दंडावर केयूर, कमरेला अनेक पदरी मेखला, पायांत नूपुर, कानांत जड कुंडले. शिल्पकाराने एकेक मणी वेगळा कोरला आहे. हे सारे अलंकार त्याच्या कल्पनेतले होते असे मानणे कठीण आहे. जे नगरात रोज दिसत होते तेच दगडात उतरले असले पाहिजे. याच चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या कोशातील हिरे, मोती, माणके यांची पारख सांगितली आहे आणि अलंकारांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले आहे. ज्या कल्याणीत हा ग्रंथ झाला ती, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे.

त्याही मागे गेले तर राष्ट्रकूट येतात. ते स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर. त्यांची आठवण कंधार येथे जगत्तुंग सागराच्या रूपाने अजून उभी आहे. इ. स. ९३० च्या खंबायत ताम्रपटात चौथ्या गोविंदाच्या दानांचा हिशेब आला आहे. गोदावरीतीरी कपित्थक येथे पट्टबंधाच्या उत्सवासाठी गेला असता त्याने आपली सुवर्णतुला केली. ब्राह्मणांना सहाशे अग्रहार व तीन लाख सुवर्ण दिले. देवालयांना आठशे गावे, चार लाख सुवर्ण आणि बत्तीस लाख द्रम्म दिले. प्रशस्तीतील आकडे फुगविलेले असतात हे मान्य. निम्मे सोडून दिले, तीन चतुर्थांश सोडून दिले, तरी जे उरते ते काही थोडेथोडके नव्हे.

आणि तरीही राष्ट्रकूटांची म्हणून निर्विवादपणे सांगता येतील अशी नाणी जवळजवळ नाहीत. अनंत सदाशिव आळतेकरांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे कोडे अभ्यासकांपुढे आहे. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली भारतीय सरंजामशाहीची मीमांसा मांडताना नाण्यांच्या या दुर्भिक्षालाच मोठा आधार मानले. नाणी नाहीत, अर्थी व्यापार आटला. व्यापार आटला, अर्थी नगरे ओस पडली. अधिकाऱ्यांना वेतनाऐवजी जमिनी दिल्या गेल्या आणि समाज गावात कोंडला गेला, अशी ती साखळी आहे. उलट बाजूला पुरावा असा की, पालघर जिल्ह्यातील चिंचणीच्या ९२६ च्या ताम्रपटात तिसऱ्या इंद्राच्या अमलाखाली संजाण प्रांताचा कारभार एक अरब अधिकारी पाहताना दिसतो. त्याच्या आधी दहा वर्षे मसूदी हा अरब प्रवासी चौलला येऊन गेला होता. समुद्रावरचा व्यापार इतका जागता असता त्यामागचा मुलूख निर्धन असेल, हे पटत नाही. सोने येत होते. ते नाण्यांच्या रूपात कमी आणि अलंकारांच्या व देवस्वाच्या रूपात अधिक राहत असावे, असा तर्क त्यातून निघतो. पण तर्काला पुरावा हवा, आणि येथे तो पुरावा म्हणजे प्रत्यक्ष दागिना. त्याचा कस किती, घडण कोठली, त्यात जडवलेला खडा कोणत्या खाणीतला, हे सांगू शकणारी वस्तूच हाती नाही.

अशी एखादी वस्तू हाती आली म्हणजे किती उलगडते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये अलीकडेच घडले आहे. नॉर्दम्प्टनशायरमधील हारपोल या खेड्यात घरबांधणीच्या जागेवर पुरातत्त्वज्ञांनी एप्रिल २०२२ मध्ये एका स्त्रीचे दफन उकरले. तिच्या गळ्यात तीस पदके आणि मणी असलेला हार होता. त्यात सोन्यात मढवलेली रोमन नाणी, तामडे, काच आणि इतर खडे होते. काळ इ. स. ६३० ते ६७०. म्हणजे बदामीचा दुसरा पुलकेशी दक्षिणेत राज्य करीत होता तो काळ, आणि त्यानंतरची काही वर्षे. त्यापूर्वी जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमधील एका शेतात याच शतकातला, सुमारे चार किलो सोन्याचा साठा मिळाला होता. त्यातील बहुतेक तुकडे तलवारींच्या मुठींवरचे असून त्यांवर तामड्याच्या हजारो चकत्या बसविल्या होत्या. हा तामडा, ज्याला बाजारात गार्नेट म्हणतात, आपल्याला परका नाही. सहाव्या शतकापर्यंत युरोपातील दागिन्यांत बसलेले तामडे बऱ्याच अंशी हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथून जात असत, असे खड्यांच्या रासायनिक पृथक्करणावरून संशोधकांनी दाखविले आहे. तेलंगणातील गरिबपेट येथील तामड्याच्या साठ्याचा पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूच्या मण्यांशी असलेला संबंधही २०१७ साली अशाच पद्धतीने सिद्ध झाला. आपल्या खड्यांचा इतिहास परक्यांच्या थडग्यांतून वाचावा लागतो, ही स्थिती विचित्र आहे.

'थडग्यांतून' हाच शब्द येथे महत्त्वाचा. ज्या समाजात मृताला त्याच्या दागिन्यांसह पुरतात, त्या समाजाचे सोने जमिनीत सुरक्षित राहते. आपल्याकडेही ते तसे राहिले आहे. मात्र फार जुन्या काळचे. नागपूरजवळच्या माहूरझरीला शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ या काळात महापाषाणीय दफने उकरली, तेव्हा त्यांत सोन्याचे अलंकार मिळाले. सोपाऱ्याच्या स्तूपात भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली एकात एक ठेवलेले करंडक आणि सुमारे तीनशे सोन्याची फुले मिळाली. त्याच करंडकाभोवती मागाहून, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास, ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती ठेवलेल्या होत्या. दफन आणि स्तूप या दोन जागा सोडल्या तर दहन करणाऱ्या समाजात सोन्याला जमिनीत जाण्याचे कारण उरते ते एकच: भय.

एरवी दागिना जिवंत माणसाच्या अंगावरून दुसऱ्या जिवंत माणसाच्या अंगावर जातो, आणि जाताना बहुधा मुशीतून जातो. सासूच्या पुतळ्या मोडून सुनेचा हार होतो. तो हार पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे गहाण पडतो, सुटला तर पुन्हा लेकीच्या लग्नात मोडला जातो, आणि १९७२ सारखा दुष्काळ आला म्हणजे कायमचा सोनाराच्या पेढीवर जातो. मराठवाड्यातील शेतीला बँका येण्यापूर्वी जे भांडवल होते ते बायकांच्या गळ्यात होते. हे काही आजचे नाही. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त हरिपाळदेव द्यूतात हरल्यावर पत्नीचे दागिने मागतो आणि ती ते देण्याचे नाकारते, असा प्रसंग आहे. घरातील अखेरची पुंजी कोणाच्या हातात होती हे त्यावरून कळते. सोने नष्ट होत नाही, असे म्हणतात. धातू नष्ट होत नाही हे खरे. घडण मात्र प्रत्येक पिढीत नष्ट होते. आज बिलोलीच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मंगळसूत्राच्या वाटीत एखादा गुंजभर अंश चालुक्यकालीन मेखलेचा नसेलच असे कोणी सांगावे?

लुटीचा भाग वेगळा. १२९६ साली अलाउद्दीन खलजीने देवगिरीच्या रामचंद्र यादवाकडून घेतलेल्या खंडणीत सहाशे मण सोने, सात मण मोती आणि दोन मण हिरे-माणके होती, असे फिरिश्ता सांगतो. तो तीनशे वर्षांनी लिहीत होता आणि त्या काळचा मण आजच्या मणापेक्षा लहान होता. आकड्यांवर फार भार देण्यात अर्थ नाही. परंतु अशा वादळाच्या आधीच शहाणी माणसे आपले किडूकमिडूक हंड्यात घालून जमिनीत पुरतात, आणि त्यांतली काही ते काढायला परत येत नाहीत. मराठवाड्यातील मध्ययुगीन सोने शिल्लक असलेच तर ते अशा हंड्यांत आहे.

हे हंडे पुरातत्त्वज्ञाला कधी सापडतात काय? क्वचितच. ते सापडतात नांगराला, विहीर खोदणाऱ्याला, घराचा पाया काढणाऱ्या गवंड्याला आणि आता जेसीबी चालविणाऱ्याला. बिलोली आणि देगलूर तालुक्यांची स्थिती या बाबतीत विशेष नाजूक आहे. मांजरेच्या काठाची गावे जुनी; पलीकडचे बोधनही तितकेच प्राचीन. जवळजवळ प्रत्येक गावाला पांढरी आहे, आणि पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीचा साचलेला थर. धाब्याच्या घरांवर टाकण्यासाठी, शेतात पसरण्यासाठी ही माती पिढ्यान्पिढ्या नेली जात आहे. पावसाची पहिली सर पडली की पांढरीच्या उतारावर मणी उघडे पडतात आणि पोरे ते वेचतात. पूर्वी हे फावड्याने होत असे. आता मांजरेच्या पात्रातली वाळू यंत्रांनी उपसली जाते, आणि काठाची दरड कोसळते ती वस्तीच्या थरांसह. पोकलेनच्या बकेटीत काय आले आणि ट्रकमधून कोठे गेले, हे चालकालाही कळत नाही; कळले तर तो सांगत नाही.

तो का सांगत नाही, हा सर्वस्वी अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. त्याला नीतीचा प्रश्न समजून प्रशासन वर्षानुवर्षे चुकत आले आहे.

जमिनीत सापडलेल्या धनाविषयीचा देशातील मूळ कायदा १८७८ चा आहे. खेड्यापाड्यांत सार्वत्रिक समजूत अशी की, जमिनीतले धन सरकारचे. सांगितले तर हाती काही लागणार नाही, वर पोलिसांचा ससेमिरा. कायदा वाचला तर चित्र निराळे दिसते. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे, वस्तू सरकारी खजिन्यात ठेवावी किंवा जामीन द्यावा, असे तो सांगतो. कोणी मालक पुढे आला नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्यातील धातू व खडे यांची किंमत आणि त्यावर आणखी एक पंचमांश इतकी रक्कम देऊन ती घेता येते. लपविल्यास वाटा जप्त आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

समजा, शंभर ग्रॅमचा जुना हार सापडला. सोन्याचा भाव २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या पुढे गेला. हिशेबासाठी एक लाखच धरू. धातूची किंमत दहा लाख झाली. सरकारने हार घेतला तर बारा लाख मोजावे लागतील. शेत स्वतःचेच असेल तर ते सारे सापडणाऱ्याचे, दुसऱ्याचे असेल तर नऊ लाख त्याचे आणि तीन लाख मालकाचे. उलट चोरीछुपे हार आटवून विकणाऱ्याला पुरा भाव कोण देणार? घेणारा धोक्याची किंमत कापूनच पैसे मोजतो. म्हणजे कागदावर प्रामाणिकपणा फायद्याचा आहे. तरीही माणूस मुशीचीच वाट धरतो, कारण सोनाराचे पैसे आज संध्याकाळी मिळतात आणि सरकारचे केव्हा मिळतील ते सांगता येत नाही. हक्कदारांनी पुढे यावे म्हणून काढायच्या जाहीर सूचनेतच सुनावणीची तारीख चार महिन्यांच्या आत नसावी आणि सहा महिन्यांच्या पुढे नसावी, असे कलम आहे. त्यानंतर चौकशी, हरकती, प्रसंगी दिवाणी दावा. ज्याला जूनमध्ये बियाणे घ्यायचे आहे त्याला पुढच्या वर्षीचे बारा लाख आजच्या पाच लाखांपेक्षा लहान दिसतात. त्यात भय मिसळले की हिशेब पुरा होतो. २०२१ साली पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात मजुरांना मिळालेली मोगलकालीन २१६ सोन्याची नाणी पोलिसांनी जप्त केली, ही बातमी गावोगाव पोहोचली. कायद्यातील तीन चतुर्थांशाची बातमी दीडशे वर्षांत कोठेही पोहोचली नाही.

कायद्याचा खरा दोष आणखी खोल आहे. तो वस्तूची किंमत तराजूने करतो. राष्ट्रकूट काळातील निश्चित स्थळाचा, निश्चित थरातला एक कर्णालंकार हा तोळ्यावर वीस टक्के देऊन मोजण्याची वस्तू नव्हे. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा १९९७ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे चौदा दिवसांत खबर द्यावी लागते आणि संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर बाजारभावाने किंमत ठरते. स्टॅफर्डशायरच्या साठ्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली, ती सापडणारा आणि शेतमालक यांच्यात विभागली गेली आणि बर्मिंगहॅम व स्टोक येथील संग्रहालयांनी वर्गणी गोळा करून साठा विकत घेतला. याचा अर्थ तेथे चोर नाहीत असा नव्हे: २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये मिळालेला व्हायकिंग काळातील साठा लपविणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये तुरुंगात जावे लागले. धातुशोधक यंत्रे घेऊन शेते धुंडाळण्याची तेथील हौस आपल्याकडे आणणे तर घातकच ठरेल. गुप्तधनाच्या नादाने देवळांचे उंबरे आणि गढ्यांचे बुरूज अमावास्येच्या रात्री उकरणारे मांत्रिक येथे कमी नाहीत. मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करावा लागला, तो उगाच नव्हे. घ्यायचे ते एवढेच की, खबर देणाऱ्याला चोर न समजता साक्षीदार समजावे, आणि वेळेवर पैसे द्यावेत.

हे आपल्या मातीत घडू शकते याचा दाखला दूर नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. हस्तिदंती स्त्रीप्रतिमा, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या, नाना खड्यांचे मणी असा तो संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. गावकरी त्यांच्याकडे वस्तू आणीत, कारण त्यांना भिण्याचे कारण नव्हते. एका दुकानदाराने जे साधले ते करायला पुढे शासनाला पगारी खाते लागले, आणि तरी ते खाते गावात क्वचितच दिसते.

कायदा बदलण्याचे काम दिल्ली-मुंबईचे आहे; ते होईल तेव्हा होईल. तोवर जिल्ह्याच्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. वस्तू आणून देणाऱ्याला त्याच दिवशी तहसील कचेरीत वजन, कस आणि छायाचित्र यांसह पावती देण्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही. सापडलेली जागा दोन दिवस न हलविता पुरातत्त्व विभागाच्या नांदेड कार्यालयाला दाखविणे हेही तितकेच सोपे, आणि शास्त्राच्या दृष्टीने सोन्यापेक्षा मोलाचे; हंडा कोणत्या थरात होता, शेजारी कोणती खापरे होती, हे गेले म्हणजे उरते ते नुसते सोने. वाळूघाटाच्या लिलावाच्या अटींत काठापासून किती अंतर सोडावे हे लिहिता येते आणि पांढरीच्या टेकाडांची नोंद गावनकाशावर करता येते. रित्ती आणि शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेख १९६८ साली एका पुस्तकात एकत्र केले, तेव्हा त्यांच्याजवळ ना मोटारी होत्या ना मोठे अनुदान. तसा पांढऱ्यांचा एक साधा पट आज एका महाविद्यालयाला दोन उन्हाळ्यांत करता येईल.

आणि बिलोली-देगलूरच्या तलाठ्यांना, पोलीस पाटलांना व वाळूघाटांवर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना १८७८ च्या कायद्यातील ते तीन चतुर्थांशाचे कलम मराठीत वाचून दाखविण्यासाठी वेगळ्या सभागृहाचीही गरज नाही. जिल्हा प्रशासन होट्टलला महोत्सव भरवते. मांडव, ध्वनिक्षेपक आणि खुर्च्या तेथे असतातच, आणि भिंतीवरच्या सुरसुंदरी दागिने घालून समोरच उभ्या आहेत.